आत मावतं तेवढं

३ फेब्रुवारी

प्रिय ताई,

तू बरी असशील. इकडे आम्ही सगळे बरे आहोत. आई बरी आहे, बाबा बरे आहेत, बोका बरा आहे. शाळेत पत्र लिहायला शिकवलं होतं त्यातलं माझ्या एवढंच लक्षात राहिलंय, की आधी सगळ्यांना बरं करून टाकायचं आणि मग बाकीचं लिहायचं.

मी फोनवर बोलत नाही म्हणून तू आईकडे तक्रार केलीस ना? अगं, फोन आईचा, आणि आईला तो कानाला लावून बोलताच येत नाही, ती स्पीकर लावते. तुझा आवाज आला की पलीकडे कामाच्या खोलीत बाबा काच तापवायची ज्योत बारीक करतात. एकदम शांत होतं. मग मला कळतं की आता सगळे ऐकतायत, आणि माझ्या तोंडातून हं आणि हो याच्यापुढे काही निघत नाही. तू ओरडतेस, "गप्पी, आहेस का गेलीस?" की मी आणखीच गप्प. हे नाव तू उगाच नाही पाडलंस. लिहिताना कुणी ज्योत बारीक करत नाही, म्हणून लिहिते.

पण हे तुला माहीत नसेल. तू फोनवर त्यांची चौकशी करत नाहीस आणि ते तुझ्याशी बोलायला फोन मागत नाहीत. ज्योत मात्र बारीक करतात. दर वेळी.

तुझा प्रबंध मिळाला. वर लिहिलंयस, "वाच आणि कुठे अडतं ते सांग. तुला समजलं तर कुणालाही समजेल." हे कौतुक आहे का टोमणा, असं मी आईला विचारलं. आई म्हणाली, "थोरलीनं लिहिलंय ना, मग दोन्ही असणार."

एकाच शब्दावर एवढी पानं! क्षमता, क्षमता, क्षमता. पहिल्या दोन दिवसांत डोकं गरगरलं, मग मजा यायला लागली. टाकीत किती पाणी मावतं ती तिची क्षमता, हे सोपं. मग उष्णतेचं पान. पाण्यात उष्णता खूप मावते म्हणून ते सावकाश तापतं आणि सावकाश निवतं, हे वाचून मी हातातला चहा बघत बसले, तो खरंच निवला नव्हता. अर्थशास्त्रवाल्यांची क्षमता म्हणजे कारखान्यातून जास्तीत जास्त किती माल निघू शकतो आणि खरा किती निघतो. आपल्याकडे त्याला आई म्हणते, "आज तुमच्या बाबांचं लक्ष कुठंय?" मग जंगलात किती हरणं पोटभर जगतील त्याचं पान. आणि कायद्याचं, अठरा वर्षांच्या आतल्या माणसाला करार करायची क्षमता नसते ते. हे मी बाबांना मोठ्यानं वाचून दाखवलं. म्हटलं, बघा, कायद्यानं मला अजून काही ठरवता येत नाही. ते म्हणाले, "बर्नरला सांग. घाबरून विझून बसेल बिचारा."

शिक्षणाचं पान मी जरा पटपट उलटलं. ते नंतर वाचीन.

बाबा हल्ली मला प्रयोगशाळेचे मधल्या मापाचे काचेचे चंबू करू देतात. लहान तर मी मागच्या वर्षीपासूनच करते. मोठे मात्र अजून तेच फुंकतात, म्हणजे मागणी आली तर. पलीकडच्या कॉलेजातले प्रयोगशाळावाले सर आले होते, त्यांनी माझा चंबू उजेडात धरून फिरवून बघितला आणि बाबांना म्हणाले, "हात चांगलाय अजून तुमचा." बाबांनी माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. तेव्हा तू हवी होतीस. तू असतीस तर लगेच म्हणाली असतीस, "हात त्यांचा नाही, हिचा!" मी काय, मान खाली घालून दुसऱ्या चंबूवर मापाची रेघ ओढत बसले.

परवा खिडकीजवळचं फडताळ पुसत होते. वर तुझे फुगे, खाली माझे. आपल्या वर्गातल्या मुलींच्या वाढदिवसाला रबरी फुगे असायचे, दुसऱ्या दिवशी सुरकुतून जायचे. आपले काचेचे. तू शाळेत सांगितलंस तर कुणाला खरं वाटलं नव्हतं, आणि मग तू दप्तरात घालून एक घेऊन गेलीस आणि आईनं तुला बदडलं होतं, आठवतं?

मला सगळं आठवतं. बाबा नळी कापायचे, दर वर्षी तेवढीच. ज्योतीत धरून बोटांनी गरगर फिरवत राहायचे. काच लाल, मग केशरी, मग मधासारखी लोंबायला लागायची. आपण गालात श्वास भरून तयार. "आता!" म्हणाले की फुंकायचं. एकदाच. आणि लगेच ते नळीचं तोंड वितळवून बंद करून टाकायचे. मग त्यांचे ते प्रश्न.

"श्वास कुठे गेला?"

"आत!"

"बाहेर कधी येणार?"

"कधीच नाही!"

तू एवढ्या जोरात ओरडायचीस की आई स्वयंपाकघरातून म्हणायची, बाहेर आला बघ, इथपर्यंत आला.

पहिला फुगा लिंबाएवढा, मग दर वर्षी जरा मोठा, जरा मोठा. लांबून बघितलं तर रांग चढत जाते. तुझ्या रांगेत शेवटी एक उतार आहे. त्याच्याबद्दल मी काही लिहीत नाही.

बरं, मुख्य विचारायचं राहिलंच. या सुट्टीत येशील ना? मार्चमध्ये माझा वाढदिवस आहे. गेल्या दोन्ही सुट्ट्या तू तिकडेच राहिलीस. ये ना. कारण असं काही नाही. बाबांना खोकला आहे, पण खोकला काय, सगळ्यांनाच असतो या हवेत.

तुझी
गप्पी


२४ फेब्रुवारी

प्रिय ताई,

तुझं पत्र पोचलं. आई विचारत होती काय लिहिलंय, मी म्हटलं, अभ्यास खूप आहे म्हणतेय. ते खोटं नाही. खालचं वाक्य मात्र मी वाचून दाखवलं नाही. "त्या घरात माझं मोजून झालंय." ते वाचून पत्र दप्तरात ठेवलं. हो, दप्तर अजून आहे. त्यात आता वही-पुस्तक नाही, पत्रं असतात.

तुला वाटत असेल मी लहान होते, मला काय आठवणार. पण मी टेबलाखाली बसले होते ताई. बोक्याच्या आईला घेऊन. तिथून तुझे पाय दिसत होते, आणि बाबांचे.

तू शाळेतून आलीस की दप्तर फेकून आधी कामाच्या खोलीत पळायचीस. आई म्हणायची हात धू, तू म्हणायचीस आगीत सगळं जळतं. ते कोपऱ्यातलं टेबल तू तुझं म्हणून सांगून टाकलं होतंस, कुणी दिलं नव्हतं तरी. बाबांच्या पाठीशी उभं राहून त्यांचे हात जसे फिरतील तसे हवेत स्वतःचे हात फिरवायचीस. आणि हिवाळ्यात तुझा दम सुरू झाला की रात्रभर उशाला टेकून बसलेली असायचीस आणि सकाळी परत तिथेच. बाबा ओरडायचे, "थोरले, बाहेर जा, इथे भुकटी आहे." तू खोकत खोकत म्हणायचीस, "मला काही होत नाही."

मग तो वाढदिवस. तुझा फुगा आदल्या वर्षीपेक्षा लहान झाला. बाबा म्हणाले, "बघितलंस? तुझ्या श्वासात हे काम बसत नाही. तू आता पुस्तकं धर." तू रडली नाहीस. काठोकाठ पाणी भरलेलं भांडं घेतलंस, आदल्या वर्षीचा फुगा बोटानं दाबून बुडवलास, सांडलेलं पाणी मोजलंस. मग नवा बुडवलास, ते मोजलंस. आणि म्हणालीस, "बरोबर आहे. कमी आहे." मी डोकं बाहेर काढून बघत होते, परत टेबलाखाली गेले तेव्हा सांडलेलं पाणी दिसलं. तुझी चप्पल भिजली होती. त्या दिवसानंतर तू त्या खोलीत पाऊल ठेवलं नाहीस, आणि वसतिगृहात गेल्यावर घरातसुद्धा मोजकंच.

तुझ्याशी असं कुणी मोजून बोललं की तू मानतेस. नुसतं सांगितलं तर कुणाच्या बापाचं ऐकत नाहीस. म्हणजे आपल्याच.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. तू विचारलंस, बाबा मापाचे दोन प्रकार सांगायचे ते नक्की काय, तुला अर्धवट आठवतंय आणि प्रबंधात घालायचंय. मी त्यांना विचारून लिहितेय, माझ्या मनाचं काही नाही. चंबूच्या मानेवरची रेघ म्हणजे आत मावतं त्याचं माप. रेघेपर्यंत भरलं की आत तेवढं आहे, पक्कं. पण तेच पाणी दुसऱ्या भांड्यात ओतलं की तेवढं निघत नाही. थोडं काचेला धरून राहतं. कितीही उपडं करून ठेवा. म्हणून ज्या नळीनं ओतायचं असतं तिच्यावरची रेघ वेगळ्या हिशोबानं काढतात, आत राहणारं आधीच धरून. एक आतलं माप, एक ओतायचं माप. बाबा म्हणाले, "थोरलीला सांग, या दोघांची गल्लत केली की प्रयोग फसतो."

"थोरलीला सांग" म्हणाले. मी शब्द बदललेला नाही.

आणखी एक सांगायचं होतं. तुझं फुप्फुसाचं पान मी तीनदा वाचलं, पहिल्यांदा उगाच, मग कामासाठी. माणसानं कितीही जोर लावून श्वास सोडला तरी थोडी हवा आत राहतेच, ती कुणालाच बाहेर टाकता येत नाही, आणि नुसत्या फुंकायच्या यंत्रावर ती मोजतासुद्धा येत नाही, असं तू लिहिलंयस. ते पान नसतं तर डॉक्टरीणबाई काय बोलत होत्या ते मला कळलंच नसतं.

हो. बाबांना तपासायला नेलं होतं.

तुला सांगायचं नाही असं ठरलंय. तुझा प्रबंध होईपर्यंत तोंड उघडायचं नाही, अशी बाबांनी आईला आणि मला ताकीद दिलीय. मला तर जास्तच, "तू काय बोलतेस म्हणा," असं म्हणून. आता मी तोंड उघडत नाहीये, लिहितेय.

एक नळी असते, पुठ्ठ्याची. ती तोंडात धरून जोरात फुंकायचं, मग पडद्यावर डोंगरासारखी रेघ येते. बाबा नळी बघून हसले. म्हणाले, "बाई, यात मी नापास होणार नाही. जन्म गेला यात." बाई पण हसल्या. मग त्यांनी फुंकलं. ताई, डोंगर आलाच नाही. टेकाड आलं. बाई म्हणाल्या, "पुन्हा करू, नीट धरली नसेल." नळी कशी धरायची हे बाबांना! त्यांनी पुन्हा फुंकलं, कपाळाच्या शिरा फुगल्या, आणि पुन्हा तेवढंच. तिसऱ्यांदा त्यांनी स्वतःच नळी खाली ठेवली.

छातीत काचेची भुकटी आहे, जुनी, आजोबांच्या वेळच्या काच घासायच्या चाकापासूनची. निघत नाही ती. वाढू द्यायची नाही एवढंच हातात. बाई म्हणाल्या, ज्योत बंद, चाक बंद, आजपासून. बाबा म्हणाले, "आजपासून नाही. धाकटीचा फुगा होऊ दे, मग बंद." बाईंना वाटलं वाढदिवसाला फुगे फुगवणार, त्या म्हणाल्या, एखादा चालेल.

घरी येताना आई रस्ताभर बोलत होती. "फुंका, फुंका. एक दिवस घरच उडवा फुंकून." मग बोलता बोलता त्यांच्या हातातली पिशवी तिनं स्वतःकडे घेतली. त्यात दोन मोसंब्या होत्या फक्त.

तर मागच्या पत्रात बाबा बरे आहेत असं लिहिलं, ते शाळेत शिकवलं तसं लिहिलं होतं.

तू ये. मी सांगितलं म्हणून सांगू नकोस.

तुझी
गप्पी


१९ मार्च

प्रिय ताई,

या वेळी कोण बरं आहे ते आधी लिहीत नाही. आधी सगळं सांगते.

तू येशील असं वाटून मी त्या दिवशी तीनदा गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन आले. आई म्हणाली, बोक्याला शोधतेस का? बोका तिच्या पायाशीच होता. तुझा फोन आला तेव्हा बाबांनी ज्योत बारीक केली होती. तू मला शुभेच्छा दिल्यास, मी हं म्हटलं. "बाबांना सांभाळ," एवढंच तू म्हणालीस आणि ठेवलास. म्हणजे पत्र पोचलंय. तुला यायचं नाहीये असं नाही, तू दारात अडलीयस. ते मला कळतं. मी पण शाळेच्या दारात अशीच अडायचे.

संध्याकाळी फुग्याची वेळ झाली. बाबांनी सकाळपासून खोली लख्ख केली होती. हत्यारं पुसून ओळीनं लावली, जसं काही पाहुणे येणार. नळी कापली, तेवढीच. ज्योत लावली. आई दारात उभी राहिली, एरवी ती त्या वेळी कधी येत नाही.

बाबा नळी फिरवायला लागले. तसेच, बोटांच्या टोकांनी. काच लाल झाली, केशरी झाली, लोंबायला लागली, मी श्वास भरला. बाबांनी "आता" म्हणायला तोंड उघडलं आणि खोकला आला. असा आला की ते वाकले. नळी त्यांनी सोडली नाही, पण हात ज्योतीबाहेर गेला. मी श्वास भरलेला, आणि मला तेव्हा कळेना थांबू का फुंकू, मी फुंकलं.

काच निवली होती. ताई, अगदी एवढाच वेळ, डोळा मिटून उघडावा इतका. पण काचेत पाण्यासारखी उष्णता टिकत कुठे, तू लिहिलंयस तेच. फुगा इवलासा झाला. एका बाजूला कलता, आणि मानेपाशी काच जाडच्या जाड राहिलेली. गरम काच फुंकली की सगळीकडे सारखी पातळ होते. निवलेली फुंकली की खांदा जाड राहतो. हे आता मला बोटाला कळतं, बघावं लागत नाही.

बाबा म्हणाले, "हा मोजायचा नाही. दुसरी नळी कापू." आई म्हणाली, "आता एकही कापायची नाही." आणि तिनं पुढे होऊन गॅस बंद केला. तिला तो नीट येतसुद्धा नाही बंद करायला, पण केला.

मी तो फुगा फडताळावर ठेवायला गेले. माझ्या रांगेत ठेवताना वर हात लागला, तुझ्या शेवटच्या फुग्याला. मी तो एवढ्या वर्षांत कधी हातात घेतला नव्हता, घ्यावासा वाटला नाही. त्या दिवशी घेतला.

त्याचाही खांदा जाड आहे ताई. माझ्यासारखाच. एका बाजूला कलता.

मला बोलता येत नाही हे तुला माहीत आहे. मी दोन्ही फुगे नेऊन बाबांच्या चहाच्या कपाशेजारी ठेवले, तुझा आणि माझा. बाबांनी बघितलं. चहा घेतला नाही. दोन्ही उजेडात धरून फिरवले, आणि म्हणाले, "शिकलीस तू."

मी म्हटलं, "तेव्हा पण खोकला आला होता?"

"नाही."

"मग?"

"मी काढली. ज्योतीतून काढली, थांबलो, आणि मग म्हटलं, आता."

आई आतून आली. तिच्या हातात पातेलं होतं. ती म्हणाली, "काय काढलंत?" त्यांनी तिला सांगितलं. त्यांना वाक्यं तोडून तोडून बोलावं लागतं आता. आजोबा त्याच खोलीत खोकून खोकून गेले, मी बघितलं, ते म्हणाले. थोरलीला लहानपणापासून दम. चाक तेव्हा कोरडंच चालायचं, सगळीकडे भुकटी. हिला ओरडून सांगितलं, समजावून सांगितलं, दाराला कडी लावली, ही खिडकीतून यायची. मोजून दाखवल्याशिवाय ऐकणार नव्हती. म्हणून मोजून दाखवलं.

आई पातेलं खाली ठेवायचं विसरली. "एवढी वर्षं? मला नाही सांगितलंत? पोरगी घराकडे पाठ करून बसलीय, मला वाटतंय माझंच काही चुकलं, आणि तुम्ही आपले दर महिन्याला फुगे पुसताय?"

बाबा म्हणाले, "काय सांगणार? जन्मात एकच माप खोटं केलं. तेही घरात."

तुला माहीत आहे ना, रेघ केसभर चुकली तरी ते चंबू फोडतात. ग्राहक म्हणाला चालेल तरी फोडतात. कोपऱ्यातलं ते पिंप कधी रिकामं नसतं. म्हणून मी विचारलं, "मग हा का नाही फोडलात?"

ते म्हणाले, "त्यात तिचा श्वास आहे."

आई पातेलं घेऊन परत आत गेली. भांड्यांचा आवाज बराच वेळ येत होता, धुतलेली भांडी परत धूत होती.

आता जे लिहायचं ते मला जड जातंय. तू हसू नकोस.

मला राग आला. तुझ्यासाठी आला, पण माझ्यासाठी जास्त आला. मी त्यांना विचारलं. मोठ्यानं विचारलं, आईनं भांडी थांबवली इतक्या मोठ्यानं. "मग मला का नाही थंड काच दिलीत? मी शाळा सोडली तेव्हा मला का नाही कुणी खोटं मोजून परत पाठवलं?" तुला त्यांनी ढकललं म्हणून तू एवढं शिकलीस. मला कुणी ढकललं नाही. मी तोंडी परीक्षेला उभी राहिले, सगळं येत होतं, एक शब्द निघाला नाही, घरी आले आणि परत गेले नाही. प्रगतिपुस्तकात बाईंनी लिहिलं होतं, क्षमता आहे पण दिसत नाही. म्हणून तुझं ते शिक्षणाचं पान मी उलटलं होतं. आता वाचलं. तू लिहिलंयस की मुलाच्या आत काय आहे ते परीक्षेत मोजता येत नाही, जे बाहेर येतं तेवढंच मोजता येतं. हे तू माझ्यावरून लिहिलंस का? खरं सांग.

बाबांनी खुर्चीचा हात धरला. मला वाटलं धाप लागलीय. मग म्हणाले, "तू शाळा सोडून आलीस तोपर्यंत दुसऱ्यांदा खोटं करायचं बळ माझ्यात उरलं नव्हतं. एकीला गमावून बसलो होतो." आणि थोड्या वेळानं, "तुझ्यासाठी चाकावर पाणी सोडलं, पंखा बसवला. तेवढं केलं. आणि तू शाळेत बोलत नव्हतीस, धाकटे. इथं यायचीस आणि चंबूंशी बोलत बसायचीस. मला वाटलं, बोलू दे कुठेतरी."

हे ऐकून मला बरं वाटलं का वाईट, अजून कळलेलं नाही. चार दिवस झाले. दोन्ही थोडं थोडं येतं.

पण एक गोष्ट मला कळली आणि ती तुला कळायला हवी, म्हणून हे सगळं लिहिलं. फुग्यानं कधी श्वास मोजलाच जात नव्हता. तुझा नाही, माझा नाही. काच किती मऊ आहे आणि धरणारा ती कशी धरतो, त्यावर फुगा होतो. तू ज्या पाण्यानं मोजलंस ते बरोबर मोजलंस, पण ते तुझं माप नव्हतं. तू इतकी वर्षं ते स्वतःवर कोरून घेतलंयस. मला वाटतं म्हणूनच तू बाकी सगळं सोडून याच एका शब्दावर एवढी पानं लिहिलीस. चुकत असेन तर खोड.

मी बाबांना विचारलं, हे ताईला लिहू? ते म्हणाले, "लिही. तिला म्हणावं, परत मोज."

तर आता कोण कसं आहे ते सांगते. आई भांडून भांडून थकली आणि आता त्यांच्या पाठीला उशी लावून देते. बोका बरा आहे. बाबा बरे नाहीत. जिना चढून आले की पहिल्या खुर्चीवर बसतात. काम बंद केलंय, खरंच बंद केलंय. बर्नर मी लावते आता, लहान आणि मधले चंबू मी करते, मोठ्याची मागणी आली तर नाही म्हणून सांगते. त्यांची खुर्ची आम्ही दाराबाहेर ठेवलीय, भुकटी येणार नाही अशी, पण तिथून माझे हात दिसतात. काल एक चंबू झाला तेव्हा बाहेरून आवाज आला, "खांदा बघ." बघितला. सारखा होता.

तुझ्या वाढदिवसाला वेळ आहे, पण तोवर थांबायचं नाही असं मला वाटतं. मी नळी कापून ठेवलीय, तेवढीच लांब. कोपऱ्यातलं टेबल पुसलंय, ते अजून कुणी घेतलेलं नाही. तू तोंडावर फडकं बांधून आत ये, चाक त्या दिवशी फिरणारच नाही. नळी मी धरेन. नीट तापवेन ताई, मध झाल्याशिवाय हात हलवणार नाही. तू फक्त फुंक.

आणि "आता" बाबा म्हणतील, दाराबाहेरून. तेवढा श्वास त्यांच्यात आहे. मी विचारून घेतलंय.

एवढं बोलून टाकलेली,
तुझी गप्पी